भगवानरावांच्या वाटचे तीळ

"अख्ख्या देशाचे तीळ आपल्या नागोरावच्या ट्रॉलीत मावतीन, बाबा," प्रेरणा म्हणाली, आणि भगवानराव गावंडे बशी तोंडाशी नेता नेता थांबले.

"देशाचे?"

"देशाचे. आन ट्रॉली पुरी भरन असंही नाई."

भगवानरावांनी बशी खाली ठेवली. आयुष्य त्यांनी बोरी अरबच्या बाजूच्या या गावात पोस्ट सांभाळण्यात घालवलं होतं. दूरदूरच्या देशांचे शिक्के त्यांनी पाहिले होते आणि देश म्हटला की त्यांच्या डोळ्यांसमोर काहीतरी अवाढव्य यायचं. देश म्हणजे रेल्वे, धरणं, फौजफाटा. त्या देशाचं एका वर्षाचं पीक गावातल्या माणसाच्या ट्रॉलीत बसतं आणि वर जागा उरते, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना.

"मंग थे लोक खातात काय?"

"जहाजानं येते ते. तेल, तीळ, सरकी, सगळं. वादळ आलं आन जहाज अडकलं की दुकानातल्या फळ्या रिकाम्या. मागच्या साली तसंच झालं. आमच्या शेजारनीनं मले वाटी घेऊन तेल मागतलं."

"शहरातली बाई वाटी घेऊन आलती?" स्वयंपाकघरातून शकुबाईंनी विचारलं. जहाजापेक्षा त्यांना ती वाटीच जास्त खरी वाटली असावी.

प्रेरणा त्या दोघा नवराबायकोची एकुलती एक मुलगी. अकोल्याला शेतीचं शिकली, आणि तिचा नवरा अमर समुद्रातल्या एका लहानशा बेटावर साखर कारखान्यात लागला तेव्हा त्याच्यामागे गेली. त्या बेटाचं नाव शकुबाईंच्या जिभेवर काही केल्या बसलं नाही. त्या सरळ 'प्रेरणाचं बेट' म्हणत, आणि गावातही तेच नाव पडलं. तिथल्या सरकारी फार्मवर प्रेरणाला काम मिळालं होतं. त्या तेलाच्या टंचाईनंतर तिथल्या सरकारनं ठरवलं की थोडं तरी तेलबी आपल्याच मातीत पिकवायचं. बाहेरून आणलेलं सुधारित तिळाचं बी लावून पाहिलं. समुद्राच्या वाऱ्यानं झाडं आडवी पडली, बोंडं आधीच फुटली, आणि जे हाती आलं ते ट्रॉलीभरही नाही.

"मंग मी मीटिंगमधे बोलून बसली," प्रेरणा म्हणाली. "म्हटलं, आमच्या गावी बरडावर एक काळा तीळ होते. बुटका. मुरमावर येते, पानी मागत नाई, आन बोंड फुटत नाई लवकर. साहेब म्हणे, आणा. एक तुकडा देतो, एक हंगाम देतो. नाई जमलं तर तिळाचं काम बंद."

"आन तुयं?" भगवानरावांनी विचारलं.

"काम बंद म्हणजे मी पन बंद."

म्हणून ती वैशाखात आली होती. बी नेण्याची दोन्हीकडची परवानगी तिनं आधीच काढून ठेवली होती. काढायचं राहिलं होतं ते बी.

ते काय, सोपं आहे, असं भगवानरावांना वाटलं होतं. ज्या गावात लहानपणी प्रत्येक बरडाच्या कडेला तिळाची ओळ पाहिली, त्या गावात शेरभर तीळ मिळायला किती वेळ लागणार? सकाळी उन्हाआधी बापलेक निघाले. नागोरावनं हात झटकले. "तीळ? काकाजी, बीटी कपाशीच्या दोन ओळींत तीळ लावाले जागा राह्यली काय? आता अथी कपाशी आन सोयाबीन, तिसरं काई नाई." फकिराच्या घरी डबा निघाला, पण त्यात दुकानातले पांढरे, सोललेले तीळ होते. हंसाबाई तर हसल्याच. "अवो भाऊजी, तीळ पायजेत त बोरीच्या बाजारात जा नं. गुजरातचे येऊन राह्यले, झकास पुड्यात."

घरामागून घर झालं. ऊन चढलं. भगवानराव प्रत्येक उंबऱ्यावर आधी थांबत, आत जावं की नाही हा विचार करत, आणि मग प्रेरणाच पुढे होई.  एवढ्याशा बेटावर तीळ नाही हे ऐकून त्यांना काल नवल वाटलं होतं. आज स्वतःच्या गावात, जिथं जमीन डोळा पुरेपर्यंत पसरली होती, तिथं एक ओंजळ तीळ निघेना. बेटावर निदान एक ट्रॉली तरी होती.

शेवटी कोणीतरी तांड्यावरच्या सुखीबाईचं नाव सांगितलं. बंजाऱ्यांचा तांडा गावापासून टेकाडाच्या पलीकडे. सुखीबाई खाटेवर बसून डोळ्यांवर हात धरून बघत होती.

"याडी, तीळ आहेत काय? बरडावरचे?" प्रेरणानं विचारलं. याडी म्हणजे आई, सारा तांडा आणि निम्मं गाव तिला तसंच हाक मारी.

"होते," सुखीबाई म्हणाली. "मंग तुमच्या गावानं नेले."

"गावानं? गावात तर कोनाच्याच घरी नाईत."

"घरी कुठून राहतीन? घाटावर गेले."

प्रेरणाला कळलं नाही. भगवानरावांना मात्र कळलं, आणि त्यांनी मान खाली घातली. सुखीबाई सांगत राहिली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसतं आश्चर्य होतं, अजून न संपलेलं. पूर्वी वर्षाकाठी एखादं म्हातारं माणूस जायचं, पिकलं पान. त्याच्या दहाव्याला तिळाचं पाणी सोडायला गावातून कोणीतरी मूठभर काळे तीळ मागायला यायचं. आता तरणे पोरं जाऊन राह्यले. फवारणीचं औषध कपाशीले घालायचं का पोटात, याचा कोनाले भरवसाच राह्यला नाई. एकाचा दहावा झाला की दुसऱ्याचा. "मूठ मूठ करून कोठी रिकामी झाली. नाई कसं म्हनू? मेलेल्याच्या नावानं मागतलेलं कोनी नाई म्हनते काय?" आणि बरडावर पोरानं बोअर पाडून कपाशी घेतली. नवा तीळ पेरलाच नाही.

प्रेरणा खाटेच्या पायाशी टेकली. ती बेटावर होती तेव्हा आई फोनवर एकेक नाव सांगायची, अमक्याचा गेला, तमक्याचा गेला, आणि लाइन कटायची. इथं ते सगळे एकत्र उभे होते, एका रिकाम्या कोठीत.

"सगळेच गेले?" तिनं हळूच विचारलं.

सुखीबाई उठली, आत गेली, आणि एका मडक्याच्या तळाशी हात घालून तिनं उरलेसुरले तीळ काढले. शेरालाही थोडे कमीच भरले असते. "घेऊन जा. पेरतो म्हनते नं तू? कोनीतरी पेरन्यासाठी मागतले, लय दिसानं."

घरी आल्यावर प्रेरणानं ते तीळ पितळी डब्यात ओतले आणि डबा आईच्या हाती दिला. "आई, सांभाळ. मी उद्या अकोल्याले जातो, बियाच्या तपासनीचा कागद घेतो, दोन दिसांत येतो."

शकुबाईंनी डबा घेतला, पण जरा चमकून. 

दुसऱ्या दिवशी दुपारी भगवानराव पडवीत पडले होते. आतून तीळ भाजल्याचा मंद वास आला. चटणी करत असेल, त्यांच्या मनात आलं, आणि ते कूस बदलून झोपले. पुढे कित्येक दिवस त्या एका कुशीवरून वळण्याचा त्यांना राग येत राहिला.

प्रेरणा आली. तिनं डब्यातले मोजके तीळ घेऊन ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर पसरले, वर दुसरा तुकडा घातला आणि न्हाणीच्या गारव्यात ठेवले. सोयाबीनचं बी पेरण्याआधी इथं सगळेच असं पाहतात, किती उगवतं ते. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिनं गोणपाट उघडलं. दाणे पाण्यानं फुगले होते, पण डोळा एकाचाही उघडला नव्हता. चौथ्या दिवशी त्यांना आंबूस वास यायला लागला.

"जुने असतीन," भगवानराव म्हणाले.

"इतके जुने नाईत, बाबा. शंभरातले पन्नास तरी उगवले असते. एक नाई म्हणजे काय?"

शकुबाई दारात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर न पाहता म्हटलं, "उगवतीन कसे? भाजले नं मी."

प्रेरणा हसली. आई गंमत करते आहे असं तिला खरंच वाटलं. मग तिनं आईकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू तसंच ओठांवर राहून गेलं. तिनं डबा आणला, चार दाणे दाताखाली धरले. ते कुरकुरीत फुटले.

"आई."

"मंद जाळावर. काळे आहेत म्हून दिसून नाई राह्यलं."

"आई, काहून?" प्रेरणाचा आवाज फुटला. "काहून भाजले तू? मी पेराले नेऊन राह्यली होती! चटनीले नाई! एवढ्या गावात एवढेच होते, आई, एवढेच! आता तथी जाऊन मी काय पेरू, खडे?"

भगवानराव मधेच उभे होते, एक हात पुढे, एक मागे, कोणाला धरावं हे न सुचून. शकुबाईंच्या हातातली भाजी खाली पडली होती. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज घट्ट होता.

"कच्चे तीळ लेकीच्या हातात देतात काय?"

"काय?"

"कच्चे तीळ कोनाच्या नावानं देतात? मेलेल्याच्या. जित्या मानसाले तीळ द्यायचे त भाजून द्यायचे, गुळात द्यायचे, सक्रांतीले देतो तसे. सातासमुद्रापार चालली माही एक लेक, आन मी तिच्या पदरात कच्चे काळे तीळ घालू? या दोन वर्षांत मी कच्चे तीळ कुठं पाह्यले माहीत आहे तुले? नदीवर. रामलालच्या पोराच्या दहाव्याले. थ्या पोट्ट्याच्या बायकोच्या ओंजळीत. तुह्या वयाची आहे थे." त्या थांबल्या. श्वास घेतला. "मी रातभर मन घट्ट केलं. पेरन्याचे आहेत म्हनते पोरगी, राहू दे म्हटलं. नाई झालं. चुलीवर ठेवले. मले वाटलं, गरम करून दिले तरी उगवतीन. काही तरी उगवते नं वर."

शेवटचं वाक्य त्यांनी खाली मान घालून म्हटलं. प्रेरणा न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली. ओलं गोणपाट तिच्या हातातच होतं, त्यातून पाणी तिच्या साडीवर ठिबकत होतं. बेटावरचा तो जमिनीचा तुकडा, साहेब, हंगाम, सगळं एका पातेल्यात भाजून निघालं होतं. आणि भाजणारीवर चिडायलाही जागा उरली नव्हती.

 मग प्रेरणाच म्हणाली, कोणाला उद्देशून नाही, "मूठभर जरी राह्यले असते. मूठभरावर एक वाफा झाला असता. वाफ्याचं बी धरून दुसऱ्या साली..."

भगवानराव आपल्या बायकोकडे पाहत होते. शकुबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि झटकन नजर काढून आतल्या खोलीतल्या पेटीकडे वळवली. पोस्टातली नोकरी माणसाला एक गोष्ट शिकवते, ती म्हणजे कोण काय लपवतं ते न विचारणं. पण भगवानरावांनी विचारलं.

"सगळेच भाजले काय?"

"तिच्या वाटचे सगळे."

"म्हणजे आनखी कोनाच्या वाटचे आहेत?"

शकुबाई उठल्या. पेटी उघडली. वरच्या लुगड्यांखाली एक कोरं पांढरं कापड घडी करून ठेवलं होतं. त्याखालून त्यांनी दोन पुरचुंड्या काढल्या आणि जमिनीवर ठेवल्या, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. एक लुगड्याच्या काठाची, एक धोतराच्या फाडलेल्या तुकड्याची.

"हे माहे," त्या म्हणाल्या. "हे तुमचे."

"माझे?" भगवानराव म्हणाले. "माझे म्हणजे?"

"तुमचे म्हणजे तुमचे. दहाव्याचे."

भगवानराव भिंतीला टेकून खाली बसले. आपलं धोतर त्यांनी ओळखलं. बारीक निळ्या काठाचं, निवृत्तीच्या वेळी घेतलेलं, मग ते कुठं गेलं असं त्यांनी एकदा विचारलंही होतं.

"कधीपासून?"

"तुमाले तो हिवताप आलता नं. जीव राहते की जाते झालतं. तवा सुखीबाईकडून आनून ठेवले." शकुबाई आता सरळ बोलत होत्या, जणू लोणच्याची बरणी कुठं आहे ते सांगावं. "सगळ्याच ठेवतात. हंसाबाईनं ठेवले, नागोरावच्या मायनं ठेवले. ऐन वेळी दुकानातले आनले त काय उपयोग? परक्या मातीतले तीळ मेलेल्याले ओळखू येत नाईत."

एका घरात, एका खाटेवर शेजारी झोपून, आपल्या बायकोनं आपल्या मरणाची तयारी करून ठेवली होती, आणि त्यानंतर रोज सकाळी तीच बाई आपल्याला चहा देत होती. भगवानरावांना राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी हात पुढे करून ती पुरचुंडी उचलली. हाताला काही वजनच लागलं नाही.

"एवढेसेच?" त्यांनी विचारलं.

"एवढे पुरतात."

प्रेरणा उंबऱ्यावरून उठून आली होती. तिला कळलं होतं. तिच्या तोंडावर आता आधीपेक्षाही मोठी भीती होती. "बाबा, नको."

"हे कच्चे आहेत," भगवानराव म्हणाले.

"बाबा, मी नाई घेत ते."

"पेराले चालतीन काय?"

"चालतीन, पन..." शेतीची पदवी घेतलेली, बेटावरच्या साहेबांपुढे मीटिंगमधे बोलणारी त्यांची मुलगी एक पाऊल मागे सरकली. दोन्ही हात तिनं पाठीमागे नेले, लहानपणी मार चुकवताना न्यायची तसे. "मले नका देऊ. तुमचे आहेत ते."

"माझे आहेत म्हणूनच मी देऊन राह्यलो. दुसऱ्याचे असते तर मले विचारावं लागलं असतं." भगवानरावांनी आयुष्यात कोणाशी वाद घातला नव्हता. बोलताना त्यांचे कान तापले, पण ते थांबले नाहीत. "हात कर, बेटा."

"अवो, खाली ठेवा!" शकुबाई ओरडल्या. "निदान खाली ठेवा, थे उचलून घेईन! हातात नका देऊ!"

"खाली कायले ठेवू? मी मेलो नाई अजून. मी हातात देतो."

आणि त्यांनी प्रेरणाचा हात पुढे ओढला, गाठ सोडली, आणि आपले तीळ तिच्या तळहातावर ओतले. एक दाणा खाली पडला. तो शकुबाईंनी झटकन उचलला, आणि उचलून झाल्यावर काय करावं ते न कळून तसाच दोन बोटांत धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तोही प्रेरणाच्या हातावर ठेवला.

त्या दिवशी कोणी जेवलं नाही. संध्याकाळी प्रेरणानं मोजके दाणे नव्या गोणपाटात घातले. शकुबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाट पुन्हा ओलं झालेलं होतं, आणि प्रेरणानं तर त्यावर पाणी शिंपडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी प्रेरणानं ते उघडलं. दोघांना हाक मारली. काळ्या दाण्यांना पांढरे कोंब आले होते. जवळजवळ सगळ्यांना. शकुबाई वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या.

"माय वं," त्या पुटपुटल्या. "सरनाचे तीळ. जित्ते होते?"

पेटीत, कोऱ्या कापडाखाली, इतकी वर्षं ते जिवंतच पडून होते, ही गोष्ट त्यांना भुतानं झपाटल्यासारखी वाटत होती. त्या पेटीकडे वळून पाहायलाही धजेनात.

"तुझे पन असतीन," भगवानराव म्हणाले.

"माहे मी देनार नाई!" त्या ताडकन म्हणाल्या. "एका घरातले एकाचे तरी राहू द्या!" मग जरा वेळानं, पदराच्या टोकाशी चाळा करत, "आन तुमचं काय आता? सुखीबाईजवळ नाईत, गावात नाईत. तुमच्या वेळी कोनाच्या दारात जाऊ मी?"

"प्रेरणा पाठवन न तथून. पिकले तर."

"थ्या बेटातले? ओळखू येतीन तुमाले?"

"माझेच आहेत ते. मले नाई ओळखू येतीन तर कोनाले?"

शकुबाईंनी यावर विचार केला. उत्तर त्यांना पटलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना.

"आन तोवर?" त्यांनी विचारलं.

भगवानरावांनी तो विचार केलाच नव्हता. त्यांनी प्रेरणाकडे पाहिलं, गोणपाटावरच्या कोंबांकडे पाहिलं. एक हंगाम बी वाढवायला, एक हंगाम पीक घ्यायला, मग जहाज, मग टपाल.

"तोवर थांबावं लागन मले," ते म्हणाले.